शरयूकाकूंचा तिसरा रकाना

नोव्हेंबरातला शनिवार. साडेआठ वाजत आले तरी अमेरिकेतल्या नेपरव्हिलवर उजेड असा आलाच नव्हता, नुसतं राखाडी. शरयूकाकूंनी भाजणीत कांदा, कोथिंबीर घातली, तवा गॅसवर चढवला आणि चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. तव्याशेजारी, तेल उडणार नाही एवढं अंतर राखून, निळ्या पुठ्ठ्याची शंभरपानी वही उघडी होती. अकोल्याहून धाकटा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर अशा वह्या पाठवतो. अमेरिकेत वह्या मिळत नाहीत का, असं तो दरवेळी विचारतो. मिळतात, पण त्यांना स्पायरल असतं आणि डाव्या पानावर लिहिताना हात त्याला अडतो, असं काकू दरवेळी सांगतात.

काकूंचे यजमान गुरुनाथकाका साडेसातलाच डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, गेले होते, जिलबी आणायला. उशिरा गेलं की तिथे पार्किंग मिळत नाही. आज टीव्हीवरची मॅच यतीनकडे बघायची होती, चार घरं पलीकडे, आणि मॅच ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे बाकीच्यांनी काहीतरी न्यायचं, असा मंडळींचा रिवाज होता. मंडळी म्हणजे शनिवारच्या मॅचवर पैजा लावणारे नऊ पुरुष आणि त्यांचा फोनवरचा एक ग्रुप. ग्रुपचं नाव ‘शनिवार सकाळ’.

पहिलं थालीपीठ तव्यावर थापून मधे बोटाने भोक पाडतायत तोच बाजूच्या दारावर थाप पडली. पुढे बेल असताना गॅरेजकडचं दार वाजवणारं माणूस घरातलंच असतं. काकूंनी हात पुसून दार उघडलं. यतीनची बायको वीणा उभी होती. अंगात नवऱ्याचं भलंमोठं जॅकेट, पायांत बंद न लावलेले स्नोबूट.

“काकू, काका आहेत?”

“जिलबीला गेलेत. आधी आत ये. मोजे कुठायत तुझे?”

“फोन लावला, उचलत नाहीयेत.”

“गाडी चालवताना नाही उचलत. मीच लावलीय ती शिस्त.”

वीणा आत आली, पण बसली नाही. “काकांना एकच विचारायचं होतं. ते सतरा... पक्कं आहे ना?”

काकूंनी गॅस बारीक केला. “कुठलं सतरा?”

वीणाने फोन पुढे केला. ग्रुपवरच्या निरोपांचे फोटो यतीन दर आठवड्याला तिला पाठवायचा; त्यातला हा गुरुनाथकाकांचा काल संध्याकाळचा निरोप होता. ‘जांभळे १७. बाजार ९½.’ खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग. त्र्यंबक नावाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘गुरुनाथ, एवढा फरक तीन वर्षांत नाही दिला तू. आज दिवाळी!’

काकूंनी तो निरोप दोनदा वाचला. मग फोन वर सरकवून त्याच्या आधीच्या आठवड्याचा निरोप वाचला, मग त्याच्या आधीचा.

हे सगळं आलं कुठून ते सांगायला हवं. काकू अकोल्याच्या एका कॉलेजात आठ वर्षं संख्याशास्त्र शिकवत होत्या. गुरुनाथकाकांना इकडे नोकरी लागली तेव्हा त्यांच्या मागून आल्या, नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर काम करता येत नसे. पुढे परवानगी आली तोवर घर, मुलगा आणि संसार यांत शिकवणं राहून गेलं ते गेलंच. मुलगा प्रसाद युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथल्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला लागला. अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे बॉल हातात घेऊन पळण्याच्या, मॅचला मध्यंतरात बँड मैदानावर उतरतो. प्रसाद टीव्हीवर दिसेल तो तेवढाच, फार तर आठ सेकंद. त्या आठ सेकंदांसाठी काकू पहिला अर्धा खेळ बघत बसायच्या, आणि बँड गेल्यावर लगेच उठायचं बरं दिसत नाही म्हणून उरलेलाही. नुसतं बघत बसणं त्यांना जमेना. त्या मोजायला लागल्या. कोण किती यार्ड पुढे जातो, किती वेळा बॉल हातातून घालवतो, पुढे असताना खेळ कसा बदलतो. प्रसाद शिकून रेडमंडला नोकरीला लागला, तिथल्या पावसाबद्दल कुरकुरायला लागला, तरी काकूंचं मोजणं चालूच राहिलं.

संघांना नावंही त्यांनी स्वतःचीच ठेवली. जांभळ्या जर्सीचे ते जांभळे, टोपीवर कणीस असलेले ते मकेवाले, अस्वलाचं चित्र मिरवणारी ती अस्वलं. दर सामन्याला एक ओळ आणि ओळीला चार रकाने. पहिल्यात काकूंचा आकडा, कोण किती गुणांनी जिंकेल त्याचा. दुसऱ्यात बाजाराचा, म्हणजे पैज घेणाऱ्या ॲपवाल्यांचा, आकडा. या पैजेत कोण जिंकणार एवढं सांगून भागत नाही. बाजार बलाढ्य संघाच्या डोक्यावर ओझं ठेवतो. जांभळ्यांवर आज साडेनऊचं होतं. म्हणजे ते दहा किंवा जास्त गुणांनी जिंकले तरच त्यांच्यावर लावलेले पैसे जिंकले. नऊ गुणांनी जिंकून मैदानात नाचले तरी तुमचे पैसे गेले. चौथ्या रकान्यात निकाल, आणि तो बाजाराच्या आकड्याच्या ज्या बाजूला काकूंचा आकडा होता त्याच बाजूला पडला तर जुळल्याची खूण.

आणि तिसऱ्यात एकतर काहीच नाही, नाहीतर एकच शब्द, ‘सोडा’.

काकूंनी स्वतः कधी एक डॉलर लावला नाही. आकडा जुळला की त्यांचं पोट भरायचं. तीन वर्षांपूर्वी गुरुनाथकाकांनी एकदा वहीतले आकडे सहज ग्रुपवर टाकले, त्यातले चार जुळले, कुणीतरी ‘वा गुरुनाथ!’ लिहिलं आणि काकांनी खाली एक हसरा चेहरा टाकला. तेवढंच. ते खोटं काही बोलले नाहीत. फक्त तो हसरा चेहरा तीन वर्षं टिकला. काकूंना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पेपरमधलं कोडं नवऱ्याने आपलं म्हणून मिरवलं तर मिरवू दे, इतपतच.

पण आपला तिसरा रकाना काका ग्रुपवर टाकतच नाहीत, हे आज वीणाचा फोन हातात धरून त्यांना पहिल्यांदा कळलं.

“यतीनने किती लावलेत?” त्यांनी विचारलं.

“लावले नाहीयेत अजून. पैजेच्या ॲपमध्ये टाकलेत. माझ्या फीचे.” वीणाचा आवाज अगदी शांत होता. “सगळे.”

वीणा सांगलीची, फार्मसी शिकलेली. तीही नवऱ्याच्याच व्हिसावर. इथे पुन्हा शिकल्याशिवाय तिच्या डिग्रीला कुणी विचारत नव्हतं. एक सेमिस्टर झालं होतं, दुसऱ्याची फी पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायची होती. लग्नात माहेरून आलेलं आणि दोन वर्षं घरखर्चातून बाजूला टाकलेलं, त्यातून ते पैसे उभे राहिले होते.

“तो वाईट नाहीये हो काकू. म्हणतो, एकदाच. दुप्पट झाले की दोन्ही सेमिस्टरची फी सुटेल, लोन नको. काकांनी एवढा फरक कधीच दिला नव्हता म्हणे.”

काकूंनी थालीपीठ उलटलं. करपलं होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि वही तिच्यासमोर धरली. जांभळ्यांच्या ओळीत सतरा होते, साडेनऊ होते आणि तिसऱ्या रकान्यात ठळक पेन्सिलीने, खाली दोन रेघा मारून, ‘सोडा’.

वीणाने वहीकडे बघितलं, मग काकूंकडे. “हे काकांचं अक्षर नाही.”

“नाही.”

“मॅच किती वाजता?” असं काकूंनीच विचारलं आणि उत्तरही दिलं, “अकरा. चल. पण मोजे घाल आधी, खुंटीवर वाळतायत बघ माझे.”

यतीन तळघरात टीव्हीसमोर खुर्च्या लावत होता. काकूंना बघून वर आला, हसला. “काकू, तुम्ही? काका कुठे? आज त्यांना हार घालणार आहोत आम्ही.”

“हार राहू दे. तुला काहीतरी दाखवायचंय, बस.”

त्याने वीणाकडे पाहिलं आणि त्याला विषय कळला. “काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी रिसर्च केलाय. काकांचे आकडे मी तीन वर्षं फॉलो करतोय.”

“माझे,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“आकडे. माझे आहेत.” त्यांनी वही डायनिंग टेबलावर ठेवली. “आता बस.”

यतीन बसला. पानं चाळली. तारखा, जांभळे, मकेवाले, अस्वलं, खोडरबरने पुसून पुन्हा लिहिलेले आकडे. त्याचं हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थिजलं. “तरी काकू, सतरा ते सतराच ना? तुमचे असोत की काकांचे.”

“सतरा माझ्या गणिताने आलेत. साडेनऊ बाजाराने लावलेत. एवढा मोठा फरक दिसला की तुला काय वाटतं?”

“चान्स आहे.”

“मला वाटतं, मला काहीतरी ठाऊक नाहीये. बाजार काही खुळा नसतो रे. साडेसात गुणांनी तो चुकलाय म्हणण्याआधी मी माझी चूक शोधते. बुधवारी शोधली, सापडली नाही. गुरुवारी दीपाला फोन केला.”

दीपा म्हणजे काकूंची अकोल्याची विद्यार्थिनी. तिचा नवरा जांभळ्यांच्या युनिव्हर्सिटीत शिकवतो आणि ती तिथल्याच लायब्ररीत अर्धवेळ काम करते. अशा ओळखीच्या बायका काकूंच्या सात-आठ गावांत होत्या. फुटबॉलचं त्यांतल्या एकीलाही काही कळत नव्हतं. काकू त्यांना विचारायच्या, गावात वारा कसा आहे, परीक्षा सुरू झाल्या का, पोरं दिसतात का कुठे.

“दीपा म्हणाली, खेळाडूंना संध्याकाळी लायब्ररीत बसायची सक्ती असते, पण या आठवड्यात टेबलं अर्धी रिकामी. ताप-खोकल्याची साथ आहे. आता, किती जण आजारी, कोण, शनिवारपर्यंत बरे होतात का, हे मला आकड्यात बसवता येत नाही. शिवाय पुढच्या शनिवारी त्यांची मॅच मकेवाल्यांशी आहे, त्यांच्या जुन्या वैऱ्याशी. म्हणजे आज जरा पुढे गेले की कोच चांगल्या पोरांना बसवणार, जपून ठेवणार. मग शेवटची दहा मिनिटं कोण काय करेल ते देव जाणे. ऐकलेलं खरं आहे पण त्याचा आकडा होत नाही, असं असलं की मी ‘सोडा’ लिहिते. जांभळे हरतील असं नाही म्हणत. मला ठाऊक नाही, एवढंच म्हणते.”

यतीनने पान उलटलं. “हे ‘सोडा’ तर बऱ्याच ठिकाणी आहे.”

“तीन वर्षांतल्या तीनशे एकवीस सामन्यांत दोनशे चार वेळा. त्यातले शंभर जुळले, एकशे चार चुकले. नाणं उडवलंस तरी तेच येईल. रकाना कोरा ठेवला असे एकशे सतरा. त्यातले पासष्ट जुळले.”

यतीन इंजिनियर होता; त्याचे ओठ हलायला लागले. काकूंनी त्याला करू दिलं. वर्गात फळ्यापाशी आलेल्या मुलाला त्या असंच करू देत असत.

“सगळे धरले तर एकशे पासष्ट,” तो म्हणाला. “शंभरात एक्कावन्न आणि काहीतरी.”

“आणि तुमचं ॲप हरल्यावर एकशे दहा घेतं, जिंकल्यावर शंभर देतं. म्हणजे नुसतं जागेवर राहायला किती जुळायला हवेत?”

“त्रेपन्न. साधारण.” तो मागे टेकला. “म्हणून आम्ही तीन वर्षं तिथल्या तिथे! त्र्यंबककाका दर आठवड्याला म्हणतात, हा गुरुनाथ एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. कोरे तेवढेच खेळलो असतो तर...”

“तर थोडंसं पुढे असता. थोडंसंच. फी भरण्याइतकं नाही.”

तेवढ्यात दार उघडलं आणि जिलबीच्या वासाबरोबर गुरुनाथकाका आत आले. दोन्ही हातांत खोकी, टोपीवर बर्फाची भुकटी. “अरे, काय ती लाईन! पण गरम आणली हां अगदी, हीटरसमोर ठेवून...” टेबलावरची निळी वही दिसली आणि ते थांबले. खोकी कुठे ठेवावीत ते त्यांना कळेना. वीणाने ती घेतली.

“काका,” यतीन हळूच म्हणाला, “हा तिसरा रकाना कधी टाकला नाहीत तुम्ही ग्रुपवर.”

“अरे, ‘सोडा’ काय टाकायचं?” काका टोपी काढत म्हणाले. “लोक आकड्याची वाट बघतात शुक्रवारी. दहातल्या सहांवर ‘सोडा’ लिहिलं तर म्हणतील, घाबरला गुरुनाथ. मला वाटलं, ते हिचं आपलं... स्वतःपुरतं असतं.”

“त्याच्यावर वीणाची फी लागणार होती,” काकू म्हणाल्या.

काका खुर्चीत बसले. टोपीतलं बर्फाचं पाणी झटकलं. मग यतीनला म्हणाले, “बाबा रे, एक बेरीजही माझी नाही त्यात. मी फक्त टाईप करतो.”

यतीनने फोन काढला. वीणा ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून जिलब्या ताटात मांडत होती. तिचा हात थांबला. त्याने दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं आणि फोन तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. “काढून घेतले. मंगळवारपर्यंत अकाउंटला येतील. सॉरी.”

वीणाने फोन नीट वाचला, परत दिला आणि म्हणाली, “ताटल्या खाली ने.”

अकराला सगळे तळघरात जमले. यतीनने काही झाकून ठेवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्र्यंबककाकांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे वहिनी, तीन वर्षं मी याला फुकट शिव्या घातल्या?”

“फुकट नाही हो,” काकू म्हणाल्या, “टाकत तेच होते.”

सगळे हसले, काकाही हसले, कान लाल करून. काकू पहिल्यांदाच त्या खोलीत मॅचला बसल्या होत्या. त्यांना सोफ्याची मधली जागा दिली गेली. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली.

जांभळे खेळले मात्र झकास. खोकणारा कुणी दिसेना. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सत्तावीस–सात झालं. वीस गुणांची आघाडी. यतीनची जिलबी तशीच हातात होती. मग कोचने चांगल्या पोरांना बसवलं. समोरच्यांनी आधी तीन गुण घेतले. शेवटचं अर्धं मिनिट उरलं असताना बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाऊन केला, सहा गुण. सत्तावीस–सोळा. फरक अकरा. टचडाऊननंतर मिळते त्या जादा संधीत त्यांनी एका गुणाची साधी किक न मारता दोन गुणांचा प्रयत्न करायचं ठरवलं. जमलं तर फरक नऊ, आणि साडेनऊच्या ओझ्याखाली जांभळ्यांवरचे सगळे पैसे गेले. नाही जमलं तर अकरा, आणि सगळे पैसे आले. मैदानातला निकाल केव्हाच लागला होता. आता जे होणार होतं त्याला फक्त पैज लावणारेच डोळे फाडून बघत होते.

बॉल हवेतून आला, कोपऱ्यातल्या पोराच्या दोन्ही हातांत बसला आणि ओल्या ग्लोव्हमधून निसटला.

 सगळे आधी यतीनकडे बघायला लागले. तो टीव्हीकडेच बघत होता.

“काकू,” तो अखेर म्हणाला, “लागलं असतं.”

“हो. लागलं असतं.”

“दुप्पट झाले असते.”

“झाले असते. तो बॉल घसरला म्हणून. ते पोरगं एकोणीस वर्षांचं असेल. त्याचे हात कोरडे असते तर?”

 वीणा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होती, काकूंचे लोकरी मोजे घालून. यतीनने तिकडे बघितलं आणि हातातली जिलबी शेवटी तोंडात टाकली. “गार झाली,” म्हणाला.

काकूंनी वहीत चौथा रकाना भरला. अकरा. शेजारी जुळल्याची खूण केली, कारण जुळलं होतं. ‘सोडा’ तसाच राहू दिला. त्र्यंबककाका खांद्यावरून डोकावत होते. “वहिनी, मग पुढच्या शनिवारी मकेवाले काय म्हणतात?”

“बुधवारी कळेल.”

गुरुनाथकाकांनी सवयीने खिशातून फोन काढला होता, ग्रुपवर निकाल टाकायला. दोन शब्द टाईप केले, पुसले. मग बायकोकडे बघून म्हणाले, “तू सांग, काय लिहू?”

शरयूकाकूंनी वही मिटली, पेन्सिल तिच्यात खोचली.

“काही लिहू नका,” त्या म्हणाल्या. “मला त्या ग्रुपमध्ये घ्या.”